इंग्रज बोलेनासा झाला

आमच्या घरात वर्षभर एक इंग्रज राहत होता. दादाच्या डिस्कमधून बोलणारा तो आवाज. आईने त्याचं हे नाव ठेवलं, कारण तो इंग्रजी सोडून काही बोलायचा नाही आणि मराठी नावांची तर पार वाट लावायचा. अंबरनाथ हे नाव तो असं काही उच्चारायचा की बाबांना एखाद्या औषधाची बाटली आठवायची. सकाळी दादाने कॉम्प्युटर लावला की आई स्वयंपाकघरातून विचारायची, "आला का रे तुझा इंग्रज?" आणि आतून तो नाकात बोलणारा बाप्या सुरू झाला की ती निर्धास्तपणे पोळ्या लाटायला लागायची.

दादा माझ्यापेक्षा बराच मोठा. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या ऑफिसात तो टायपिस्ट होता. इतका फास्ट की साहेब लोक पाहुण्यांना त्याच्या टेबलाजवळ आणून दाखवायचे. मग त्याचे डोळे गेले. एकदम नाही, कडेकडेने. आधी जिन्याची पायरी चुकायची, मग ताटातली वाटी सापडेना, मग कागद. डॉक्टर म्हणाले, याला इलाज नाही, आणि हे ते इतक्या मऊ आवाजात म्हणाले की मला त्यांचाच राग आला. कंपनीने गोड बोलून नारळ दिला. दादा तेव्हा तिशीतही नव्हता.

पुढे मुंबईत अंध लोकांना कॉम्प्युटर शिकवणारी एक संस्था त्याला सापडली. तिथे त्याचा एक मित्र झाला, तोही न दिसणारा. कॉम्प्युटरच्या बाबतीत त्या मित्राचं डोकं भलतंच चालायचं. त्याने दादासाठी ही डिस्क बनवली. काळ्या कव्हरातली, हातात मावणारी, एक हिरवा दिवा असलेली. ती कुठल्याही कॉम्प्युटरला लावायची आणि मग कॉम्प्युटर चालू करायचा. म्हणजे तो कॉम्प्युटर स्वतःच्या पोटातलं सगळं बाजूला ठेवून या डिस्कवरून सुरू व्हायचा आणि बोलायला लागायचा. काम झालं की बंद करायचा, डिस्क काढून खिशात. त्या कॉम्प्युटरमध्ये मागे काही म्हणजे काही उरायचं नाही.

ही शेवटची गोष्ट आमच्यासाठी सगळ्यात मोठी होती. दादा नोकरीसाठी जिथे जिथे जायचा तिथे एकच उत्तर मिळायचं, आमच्या कॉम्प्युटरमध्ये बाहेरचं काही टाकता येणार नाही. डिस्क आल्यावर त्याच्याकडे या उत्तरावर उत्तर आलं. बदलापूरला शिरगावच्या बाजूला औषधांच्या एका एजन्सीचं ऑफिस होतं. त्यांना पत्रं आणि बिलं टाइप करायला माणूस हवा होता. दादाने फोनवर त्यांच्या मॅनेजरला सगळं समजावलं. मॅनेजर भला माणूस असावा. म्हणाला, "शनिवारी या, आमच्या कॉम्प्युटरवर करून दाखवा. जमलं तर बघू." एवढं तरी त्याआधी कोणी म्हटलं नव्हतं. त्या दिवशी आईने खीर केली आणि मी तिच्यावर चिडले, की अजून कशात काही नाही आणि तू खीर काय करतेस.

आता आमच्या गल्लीची एक रीत सांगायला हवी. आम्ही पालेगावच्या बाजूला राहत होतो, सगळी आमचीच बौद्ध घरं. एका घरात आलेली वस्तू गल्लीची असायची. आमची शिडी वर्षातून चार दिवस आमच्याकडे असेल. शेजारच्यांचा मोठा टोप लग्नसराईत कुठल्या घरी आहे हे शोधत फिरावं लागायचं. नाही म्हणायची पद्धतच नव्हती, आणि मागून घ्यायला कोणाला संकोचही नव्हता. दादाचे डोळे गेल्यावर याच लोकांनी त्याला दर रविवारी हाताला धरून विहारात वंदनेला नेलं होतं. त्यामुळे विहाराचे सेक्रेटरी काका बुधवारी सकाळी दारात आले, "जयभीम" म्हणाले आणि पुढे म्हणाले, "तुझ्याकडे ती मोठी डिस्क आहे ना रे? आजचा दिवस दे," तेव्हा दादाने काय काम आहे हे विचारायच्या आधीच ती काढून दिली.

काम असं होतं. विहारात नवीन बुद्धमूर्ती बसवली होती. त्या दिवसाचं शूटिंग उल्हासनगरच्या एका व्हिडिओवाल्याने केलं होतं आणि त्याची एकच लांबलचक फाइल तयार झाली होती. ती न्यायला काकांकडे काही नव्हतं. दुपारी काकांचा दुकानातून फोन आला. फाइल मोठी आहे, डिस्क घेत नाहीये, दुकानदार म्हणतो की डिस्कची सिस्टीम बदलून देतो, मग जाईल. दादाने एकच प्रश्न विचारला, "आतलं काही जाणार नाही ना?" काकांनी तिथेच दुकानदाराला विचारलं. फोनमधून मलाही ऐकू आलं, "अरे कुछ नहीं जाता, साईं, सब वैसा का वैसा रहेगा."

तो खोटं बोलला नाही. काही गेलं नाही. पुढच्या दोन दिवसांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की अजूनही कोणी "काही जात नाही" म्हटलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

संध्याकाळी काका डिस्क घेऊन आले, चहा घेतला, दादाच्या पाठीवर थोपटलं आणि गेले. दादाने सवयीने डिस्क लावली, बटण दाबलं आणि मान थोडी वाकडी करून वाट बघत बसला. तो नेहमी असाच बसायचा. कॉम्प्युटरची एक बारीक टिक वाजली आणि मग काहीच नाही.

"अगं, बघ जरा. काय आलंय स्क्रीनवर?"

काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं होती. मी वाचून दाखवलं, "एनटीएलडीआर इज मिसिंग. कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबा."

"परत वाच."

मी परत वाचलं. त्याने ती तीन बटणं दाबली. पुन्हा टिक, पुन्हा तेच. मग तो सांगत गेला आणि मी करत गेले. डिस्क मागच्या खाचेत लाव. वायर बदल. चालू होताना डिलीट दाबून धर, निळा पडदा येईल, त्यात आधी कोण सुरू व्हायचं त्याची यादी असेल. निळा पडदा त्याने कधी पाहिला नव्हता, पण कितव्या ओळीवर काय आहे ते त्याला पाठ होतं. यादी बरोबरच होती. डिस्क न लावता कॉम्प्युटर चालू केला तर तो माझ्या नेहमीच्या विंडोजमध्ये सुरू व्हायचा, फक्त मुका. मग डिस्क जोडली तर ती आत दिसायचीही. सगळे फोल्डर जिथल्या तिथे. दादाची पत्रं, अर्ज, त्याचे सेव्ह केलेले सगळे कागद, आणि त्यांच्याच बाजूला मूर्ती बसवल्याची ती अगडबंब फाइल.

"सगळं आहे रे," मी म्हणाले.

"आहे ना? मग चालू का होत नाही?" तो माझ्यावर ओरडला. तो कधी ओरडायचा नाही. आई दारात येऊन उभी राहिली आणि यावेळी तिने इंग्रजाबद्दल काही विचारलं नाही.

गुरुवारी मी ऑफिसात दांडी मारली आणि आम्ही दोघं रिक्षाने उल्हासनगरला गेलो. व्हिडिओवाल्याने हात वर केले, त्याचं काम व्हिडिओचं. त्याने एका गल्लीत कॉम्प्युटर रिपेअरवाल्याकडे पाठवलं. उल्हासनगरमध्ये काहीही दुरुस्त होतं असं आमच्याकडे सगळे मानतात, आणि जे होत नाही ते तिथे नवीन बनवून मिळतं. मीही मानायचे. रिपेअरवाला सिंधी, पोट सुटलेला, मनाने मोकळा. त्याने दादाला आधी स्टूल दिलं, पाणी दिलं, मग डिस्क हातात घेतली.

"एनटीएलडीआर मिसिंग? ये तो रोज का है, दीदी. अभी डाल देता हूँ."

त्याने कुठून तरी ती मिसिंग फाइल काढली आणि डिस्कमध्ये टाकली. चालू केलं. आता दुसरीच कुठली तरी फाइल मिसिंग. ती टाकली. मग तिसरी. दर वेळी तो "बस, हो गया" म्हणायचा आणि दर वेळी पडद्यावर काहीतरी नवीन मिसिंग असायचं. मी वाचून दाखवायचे, दादा मान हलवायचा. पहिल्या दोन वेळा मला खरंच वाटलं की होईल. तिसऱ्यांदा मी वाचायचं थांबले.

शेवटी रिपेअरवाल्याने हात टेकले. "साईं, डेटा तो पूरा है. देखो, सब खुल रहा है. आप को और क्या चाहिए?" आणि सगळं खुलतं हे सिद्ध करायला त्याने ती मूर्तीची फाइल लावली. दुकानात एकदम ताशांचा आवाज घुमला. मिरवणूक, पांढऱ्या साड्या, मग विहाराचं अंगण. पहिल्या रांगेत हात जोडून दादा उभा होता. कॅमेरा त्याच्यावर बराच वेळ थांबला होता, का कोण जाणे.

"काय दिसतंय?" दादाने विचारलं.

"तू आहेस. वंदना म्हणतोयस."

"कसा दिसतो गं मी आता?"

त्याने स्वतःला आरशात बघितल्याला वर्षं झाली होती. त्याचे कानशिलाजवळचे केस पांढरे झाले होते. मी म्हणाले, "बाबांसारखा." तो हसला. मला तिथे त्या दुकानात रडू फुटलं आणि रिपेअरवाला बिचारा आवाज कमी करायला धावला.

तिथूनच दादाने संस्थेतल्या मित्राला फोन लावला. तो नोकरीसाठी नागपूरला गेला होता. सगळं ऐकून त्याने एकेक गोष्ट सांगितली आणि दादा ती मला सांगत गेला. डिस्क विंडोजवर चालणारी नव्हतीच, तिच्यात वेगळी सिस्टीम होती. ती जिथून सुरू व्हायची ती जागा डिस्कच्या अगदी डोक्याशी लिहिलेली होती. डिस्कची पद्धत बदलताना विंडोजने तिथे आपलं स्वतःचं लिहून टाकलं. फाइलींना धक्का लागला नाही, फक्त त्यांना उठवणारं कोणी राहिलं नाही. आता आम्ही कितीही मिसिंग फाइली भरल्या तरी उपयोग नव्हता. बदललेलं उलटं बदलता येत नाही. डिस्क पुसून मूळ सीडीवरून पुन्हा सगळं चढवायचं, एवढा एकच मार्ग.

"सीडी कुठे आहे?" मी फोन ओढून घेतला.

"संस्थेच्या कपाटात. पण ताई, संस्थेला आता सुट्टी आहे. सोमवारी उघडेल."

"इंटरनेटवरून घेता येणार नाही?"

"येईल ना. मोठी फाइल आहे, वेळ लागेल."

परत येताना आम्ही आमच्या नाक्यावरच्या सायबर कॅफेत उतरलो. कॅफेवाल्याने फाइल लावून पाहिली आणि पडद्यावर किती वेळ लागणार ते बघून हसलाच. "ताई, आज रात्र आणि उद्या अख्खा दिवस चालेल. आणि उद्या शुक्रवार." शुक्रवारी आमच्याकडे लाइट नसायची, दिवसभर. हे कॅफेवाल्याला माहीत होतं, मला माहीत होतं, दादालाही माहीत होतं. तरी त्याने विचारलं, "जनरेटर नाही का रे तुझ्याकडे?" कॅफेवाला नाही म्हणाला. तेवढ्यावर आम्ही घरी आलो.

मी म्हटलं, मॅनेजरला फोन करू, सोमवार-मंगळवारची वेळ मागू. फोन मीच केला. तो म्हणाला की शनिवारीच आणखी दोघं येणार आहेत, त्यानंतर ठरवून टाकायचंय. सभ्यपणेच म्हणाला. मी फोन ठेवला आणि दादाला सांगितलं की आता जाऊन काही फायदा नाही.

"जायचं," दादा म्हणाला. "टायपिंगच आहे ना? मी डोळे गेले त्याआधीही कधी कीबोर्डकडे बघत नव्हतो. तू फक्त कोरं पान उघडून दे. इंग्रज नसला तर नसला."

शनिवारी आम्ही शिरगावला त्या ऑफिसात गेलो. दादाने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. खिशात डिस्क होती आणि इअरफोनही होता, दोन्हींचा काही उपयोग नसताना. मॅनेजरने नीट बसवलं. मी त्यांच्या कॉम्प्युटरवर कोरं पान उघडलं आणि दादाची बोटं कीबोर्डवर ठेवली. मॅनेजर मला म्हणाला, "आता तुम्ही जरा मागे बसा. आणि मध्ये काही बोलू नका हं, नाहीतर इतरांवर अन्याय होईल." मी मागे बसले.

मॅनेजरने एका डॉक्टरला पाठवायचं पत्र तोंडी सांगायला सुरुवात केली. दादा टाइप करायला लागला. मी त्याला इतक्या वर्षांनी तसं टाइप करताना पाहत होते. पाठ ताठ, चेहरा शांत, बोटं अशी चाललेली की ऑफिसातली मुलं हातातलं काम टाकून बघायला लागली. पहिली ओळ बरोबर. दुसरी बरोबर. तिसरीत एका औषधाचं अवघड नाव, तेही बरोबर. मला वाटलं, अरे, हा जिंकला.

आणि पडद्याच्या मधोमध एक छोटी चौकट उघडली. व्हायरसचा प्रोग्राम अपडेट करायचा आहे, हो की नाही. बस एवढंच. कोणीही माउसने एक टिचकी मारून घालवली असती, कीबोर्डला मात्र ती दाद देत नव्हती. पण जोपर्यंत ती घालवत नाही तोपर्यंत मागच्या पानावर एक अक्षर उमटत नाही. त्या कॉम्प्युटरला स्पीकर नव्हता. दादा टाइप करत राहिला.

मी मॅनेजरकडे बघितलं. तो पडद्याकडेच बघत होता. त्याचं सांगणं एक क्षण अडखळलं, मग पुन्हा सुरू झालं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. बोलायचं नाही असं मला सांगितलं होतं. बोलले असते तर तिथेच संपलं असतं, हे त्याला कळत होतं आणि मलाही. त्या पत्राचा उरलेला सगळा मजकूर दादाने हवेत टाइप केला, तितक्याच वेगाने, कुठेही न थांबता. मग हात मांडीवर घेतले आणि म्हणाला, "झालं, सर. बघा."

"स्पीड फारच चांगला आहे तुमचा," मॅनेजर म्हणाला. "आम्ही कळवतो."

रिक्षात बसल्यावर दादाने विचारलं, "किती चुका होत्या?"

"एकही नाही," मी म्हणाले.

तो चामटोलीच्या बाजूने येणाऱ्या वाऱ्याकडे तोंड करून बसला होता आणि इतका खूश होता की मला त्याच्याकडे बघवेना.

सोमवारी मी सीडी आणायला निघाले तर तो म्हणाला, "राहू दे गं. मला इंग्रजाची गरज नाही, बघितलंस ना?" आणि डिस्क त्याने काकांना कायमची देऊन टाकली. विहारात पौर्णिमेला त्यावरून मूर्तीचा व्हिडिओ लावायचे. तिथे ती उत्तम चालायची.

त्यानंतर तो रोज माझ्या त्या मुक्या विंडोजवर टाइप करत बसायचा. आई मनात येईल ते सांगायची, भाजीचे भाव, शेजारणीची भांडणं, आणि हा टाइप करायचा. संध्याकाळी मी आले की वाचून दाखवायचे. बदलापूरहून फोन आला नाही. तो म्हणायचा, "येईल, चौकशी करत असतील." मी पुढची ओळ वाचून दाखवायचे.

एके दिवशी मी घरीच होते. दादा टाइप करत होता आणि अचानक कॉम्प्युटरमधून टण असा आवाज आला. मग पुन्हा टण. आमच्या कॉम्प्युटरला स्पीकर होता. तो जितकी बटणं दाबेल तितक्या वेळा टण, टण, टण. त्याची बोटं थांबली.

"हा कसला आवाज?"

मी उठून बघितलं. पडद्याच्या मधोमध तशीच चौकट होती. "काही नाही, एक चौकट उघडलीय," मी म्हणाले. "व्हायरसवाल्याची. ती घालवेपर्यंत टाइप केलेलं लागत नाही."

"म्हणजे मी आत्ता लिहिलं ते?"

"ते नाही आलं."

तो मान वाकडी करून बसला, पूर्वी इंग्रजाची वाट बघत बसायचा तसा.

"त्या ऑफिसात स्पीकर नव्हता ना?" त्याने विचारलं.

"नव्हता."

"किती ओळी आल्या होत्या?"

"तीन," मी म्हणाले. "तिन्ही बरोबर होत्या, दादा."

"हो," तो म्हणाला. मग त्याने हाताने चाचपडत आईने कॉम्प्युटरसाठी शिवलेलं कव्हर शोधलं, चालू असलेल्या कॉम्प्युटरवरच ते घातलं, आणि चारही कोपरे नीट खाली ओढले.